वर न आलेला ज्वालामुखी

सदर : पायाखालची जमीन



गेल्या वर्षी या सदरात आपण सिडनीच्या पिवळ्या वालुकाश्माबद्दल बोललो. यंदा गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "बाई, तुम्ही मूळच्या ज्वालामुखीवाल्या. सह्याद्री सोडून इथे वाळूत काय शोधताय? सिडनीत एखादा ज्वालामुखी नाही का?" मी म्हटलं, "आहे की. दर शनिवारी मुलाला क्रिकेटला नेता ना, तेव्हा त्याच्या कुशीतूनच जाता." त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती, पण पूर्ण खरंही नव्हतं. ते पूर्ण खरं सांगायला हा लेख.

वेस्टमीडहून एम-फोर धरून पश्चिमेला निघालात, की थोड्याच वेळात डाव्या हाताला एक बसकी, गवताळ टेकडी दिसते. माथ्यावर थोडी झाडं, अंगावर नव्या वस्तीची छपरं. ही प्रॉस्पेक्ट हिल. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम ११७ मीटर. रोज पर्वती चढणाऱ्या पुणेकराला ती टेकडीसुद्धा वाटणार नाही. मलाही वाटली नव्हती. निवृत्तीनंतर मी मुलीकडे राहायला आले, त्यानंतर कित्येक वर्षं मी या टेकडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चाळीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेलं, कळसूबाईपासून साल्हेरपर्यंत पायपीट केलेली. आम्ही कशाला या उंचवट्याकडे बघतोय! जुन्या माणसांना असा एक माज असतो. तो उतरायला मला एक गुडघा गमवावा लागला. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट म्हणाली, सपाटीवर चालून झालं, आता हलका चढ शोधा. जवळचा हलका चढ हाच होता.

करंजीतलं सारण

आधी शास्त्र थोडक्यात सांगते. शेवटी बाईच ना मी, फळ्याशिवाय चैन पडत नाही.

जमिनीखालचा वितळलेला खडक म्हणजे शिलारस. तो फटीतून वर येऊन बाहेर पडला की त्याला लाव्हा म्हणतात. आपला महाराष्ट्र अशा लाव्ह्यावर उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर ते पसरलेले आहेत. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्या. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव पडलं.

प्रॉस्पेक्टची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. जुरासिक काळातली, ढोबळ मानाने सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीची. इथेही शिलारस वर यायला निघाला. पण वर शेल नावाच्या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचे थर होते. त्या थरांमध्ये तो घुसला, पसरला आणि तिथेच थांबला. करंजीत सारण जास्त झालं की वरची पारी फुगते ना, तसे वरचे थर फुगले. पण करंजी फुटली नाही. शिलारस आतल्या आत अगदी सावकाश निवत गेला. नंतरच्या कोट्यवधी वर्षांत वारा-पावसाने वरची पारी झिजवून नेली आणि आतलं सारण उघडं पडलं. ते सारण म्हणजे ही टेकडी.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं काटेकोर उत्तर असं: प्रॉस्पेक्ट हिल म्हणजे वर न आलेला ज्वालामुखी. ना तिला मुख होतं, ना तिच्यातून कधी राख उडाली.

सावकाश निवण्याचा एक फायदा असतो. पाक घाईने आटवला तर साखर बारीक रव्याची होते. दोरा टाकून महिनाभर ठेवला तर खडीसाखर होते. खडकांचंही तेच. सह्याद्रीचा बेसाल्ट उघड्यावर भराभर निवाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. प्रॉस्पेक्टचा डोलेराइट जमिनीखाली निवाला, म्हणून त्याचे स्फटिक साध्या भिंगातून मोजता येतात. आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये फार देखणी खनिजं तयार झाली. त्यातलं प्रेहनाइट हे फिकट हिरव्या द्राक्षांच्या घडासारखं दिसणारं खनिज जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. हेच खनिज आणखी कुठल्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे, ठाऊक आहे? आपल्या मुंबईच्या, मालाडच्या! इथला पहिला हिरवा तुकडा हातात आला तेव्हा मला परदेशात अचानक माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं.

अंधेरीची गिल्बर्ट हिलही आठवली. साठ मीटर उंचीचा, खांबाखांबांचा काळा सुळका. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, पायथ्याशी माणसांची दाटी. मूळचा बराच मोठा डोंगर; चहूबाजूंनी फोडून फोडून खडी केली आणि मधला सुळका उरला. प्रॉस्पेक्टचंही तेच झालं. एकोणिसाव्या शतकापासून या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथे दगडखाणी चालल्या. इथे ज्याला 'ब्लू मेटल' म्हणतात ती निळसर काळी खडी इथून सिडनीच्या रस्त्यांवर आणि रुळांखाली गेली. आज आपण टेकडी म्हणून जे पाहतो ते या ताटातलं उरलंसुरलं. २००३ मध्ये तिला राज्याच्या वारसा यादीत स्थान मिळालं, तोवर तिचं मधलं पोट पोखरून झालं होतं.

टेकडीवरून काय दिसलं

माथ्यावरच्या राखीव भागाचं नाव मारोंग. या टेकडीचं मूळ नावही तेच. प्रॉस्पेक्ट हे नंतरचं. तुम्ही-आम्ही राहतो ते वेस्टमीड, पॅरामॅटा, वेंटवर्थव्हिल, टूनगॅबी हा सगळा दारुग लोकांचा प्रदेश. पॅरामॅटा या नावातच बुरामट्टागल हे त्यांचं कुळ दडलेलं आहे; त्यांची ही नदीकाठची वाम माशांची जागा. टेकडीच्या आसपास वारमुली आणि कॅनेमेगल या कुळांचा वावर होता. आणि गंमत म्हणजे आपण सगळे थोडीथोडी दारुग बोलतो. डिंगो, वॉलबी, वॉम्बॅट, कोआला, वाराटा हे शब्द सिडनी परिसराच्या याच भाषेतून इंग्रजीत आले. आपली नातवंडं शाळेत पहिल्या वर्षी जे प्राणी रंगवतात, त्यांची नावं त्या प्राण्यांबरोबर हजारो वर्षं राहिलेल्या लोकांनी ठेवलेली आहेत.

पहिलं जहाज येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. २६ एप्रिल १७८८ रोजी गव्हर्नर फिलिप आपल्या माणसांसह या टेकडीवर पोचला. समोर पश्चिमेला निळ्या डोंगरांची भिंत दिसली. फिलिप खूश झाला आणि त्याने टेकडीला 'बेलव्ह्यू', म्हणजे सुंदर देखावा, असं नाव दिलं. आजही पावसाने हवा धुऊन निघालेल्या सकाळी तो देखावा तसाच दिसतो. मागे वळलात तर पूर्वेला पॅरामॅटाच्या इमारती आणि त्यांच्यामागे सिडनीचे मनोरे.

१७९१ च्या जुलैत फिलिपने शिक्षा संपलेल्या तेरा कैद्यांना याच टेकडीच्या उतारावर जमिनी दिल्या. इथेच का? कारण माती. सिडनीच्या वालुकाश्माची माती म्हणजे चाळणी. त्यात ना पाणी टिकतं, ना पीक. शिलारसातून निवालेला खडक झिजला की मात्र भारी, कसदार माती होते. आपल्या काळ्या रानाची हीच कूळकथा. वर न आलेल्या ज्वालामुखीने असं सोळा कोटी वर्षांनी इतिहासात डोकं वर काढलं. माती चांगली म्हणून वसाहत इथे आली. आणि वसाहत आली म्हणून भांडण.

पेमुलवुय

टेकडीच्या अंगावरच्या नव्या उपनगराला २००४ मध्ये पेमुलवुय हे नाव मिळालं. तिथे आपली बरीच मंडळी राहतात. एका हळदीकुंकवाला मी सहज विचारलं, हे नाव कशावरून गं? एकीला वाटलं फुलाचं असावं, दुसरीला नदीचं.

ते माणसाचं नाव आहे. बिजिगल कुळातल्या लढवय्याचं. दारुग भाषेत 'पेमुल' म्हणजे माती. त्यावरून ते आलं असं मानतात.

१७८९ साली देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासच्या मूळ रहिवाशांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं गेली असावीत. जी उरली त्यांच्या डोळ्यांदेखत शिकारीच्या रानांना कुंपणं पडली, कंदमुळांच्या जागी मका आला. पेमुलवुयने १७९२ पासून दहा वर्षं झुंज दिली. मक्याची शेतं जाळायची, गुरं मारायची, रानात नाहीसं व्हायचं. आपल्याला हे तंत्र कुणी समजावून सांगायला नको. ज्यांच्या अंगणात दर दिवाळीला किल्ला होतो त्यांना गनिमी कावा शिकवावा लागत नाही. १७९७ साली पॅरामॅटात उघड चकमक झाली. त्याला सात छर्रे लागले, जखमी अवस्थेत पकडून इस्पितळात ठेवलं. तर पायात बेडी असताना तिथून तो निसटला. लोक म्हणू लागले, याला गोळी लागत नाही. १८०१ च्या मेमध्ये गव्हर्नर किंगने हुकूम काढला, की पॅरामॅटा, जॉर्जेस नदी आणि प्रॉस्पेक्टच्या परिसरातल्या मूळ रहिवाशांना गोळ्या घालून हाकलावं. पुढच्या वर्षी जूनमध्ये पेमुलवुय मारला गेला. त्याचं शिर कापून मद्यार्कात बुडवून इंग्लंडला जोसेफ बँक्सकडे पाठवलं. ते आजवर मायभूमीला परत आलेलं नाही. आणि ज्या किंगने हे केलं, त्यानेच पत्रात त्याला शूर आणि स्वतंत्र बाण्याचा म्हटलं. आपल्या उमाजी नाईकांची आठवण होते ना? १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी देणाऱ्यांनाही त्यांच्या धैर्याचं कौतुक वाटलं होतंच. माणूस मेल्यावर कौतुक स्वस्त असतं.

पेमुलवुयनंतरही झुंज थांबली नाही. मग मे १८०५ मध्ये याच प्रॉस्पेक्टला एक वेगळी गोष्ट घडली. मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून बोलणी सुरू झाली, आणि ती सुरू केली दारुग बायकांनी. त्यांनी ओळखीच्या एका शेतकऱ्यामार्फत निरोप पाठवला, पाद्री सॅम्युअल मार्सडेन आला, टेकडीपाशी बैठक झाली आणि काही काळ तरी बंदुका खाली झाल्या. ही हकिगत मी दोन-तीन ठिकाणी वाचली. सगळीकडे पाद्र्याचं नाव आहे, गव्हर्नरचं आहे, शेतकऱ्याचंही आहे. बायका मात्र नुसत्या 'बायका' आहेत.

ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण

माझी डॉक्टरेट डाइकवर. जमिनीतल्या उभ्या भेगेत शिलारस गोठला आणि आजूबाजूची माती झिजली की दगडी भिंत उभी राहते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे एसटीच्या खिडकीतून बघा. शेतातून, ओढ्यातून, गावातून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या भिंती दिसतील. सर्वांत लांब भिंत ऐंशीएक किलोमीटर जाते. म्हणजे प्रॉस्पेक्टची करंजी आडवी, आणि या भिंती उभ्या, जात एकच.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. बाईमाणूस एकटी हातोडा घेऊन रानात फिरतेय हे तेव्हा कुणाच्या पचनी पडत नसे. म्हणून एका गावच्या पोलीस पाटलांनी सोबतीला एक भिल्ल बाई दिली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. दोन हिवाळे ती माझ्याबरोबर चालली. अनवाणी. माझ्या पिशवीतले दगड तिच्या डोक्यावर. मी नकाशात शोधत बसायचे तोवर ती पुढच्या भिंतीवर जाऊन उभी असायची. एक दिवस तिने मला सांगितलं, की या भिंतीच्या वरच्या अंगाला विहीर खोदली तर पाणी लागतं, खालच्या अंगाला कोरडी जाते. भिंत पाणी अडवते. मग एकेक करत तिने मला सात-आठ विहिरी दाखवल्या. अगदी बरोबर होतं. डाइकचा अखंड दगड भूजलाला जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखा अडवतो.

माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण 'डाइक आणि भूजल' यावर आहे. त्याची सुरुवात 'क्षेत्रीय निरीक्षणांवरून असे आढळले की' अशी आहे. परीक्षकांनी याच प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, ग्रंथपालांचे, टंकलेखकाचे आणि जीपच्या चालकाचेही आभार मानले आहेत. ती बाई कुठेच नाही.

आणि मंडळी, आज घालावं म्हटलं तरी तिचं नाव मला घालता येणार नाही. गावात तिला सगळे तिच्या मुलाच्या नावाने, 'अमक्याची आई' म्हणूनच हाक मारत. मीही तेच म्हणायचे. दोन हिवाळ्यांत तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुझं नाव काय? ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही हिंडत होतो तिथेच १८५८ साली आंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली होती, खाज्या नाईक त्या भागात इंग्रजांना भारी पडला होता, हेही मला पुष्कळ नंतर कळलं. मी दगडाचं वय विचारत होते. माणसांना मात्र काहीच विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सहलीत आम्ही मारोंगच्या माथ्यावर डबे उघडून बसलो होतो. कुणीतरी सहज म्हणालं, "हा देश छान आहे, पण इथे इतिहास नाही हो. किल्ले नाहीत, देवळं नाहीत. या लोकांनी मागे ठेवलंय काय?" काही जण हसले. मला सगळं ठाऊक होतं. मी ठेपल्याचा तुकडा तोंडात घातला आणि गप्प बसले. भांडण कशाला, असं वाटलं. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहितेय, असं समजा. मागे काय ठेवलंय? आपण पाय ठेवतो ती माती, हाका मारतो ती नावं, आणि या टेकडीवरची १८०५ ची ती बैठक. शिवाय ते लोक 'मागे' गेलेलेच नाहीत. दारुग कुटुंबं आजही पश्चिम सिडनीत राहतात. कदाचित तुमच्या शेजारीच.

कुठे जायचं, काय पाहायचं

उपदेश पुरे. आता पायात बूट घाला. तीन वाटा सांगते, सोपीपासून अवघडापर्यंत.

पहिली मारोंग. अर्धा-पाऊण तासाचं काम, आजी-आजोबांसह. सावली कमी आहे, तेव्हा सकाळी लवकर जा. वसंतात साप बाहेर पडतात. पायवाट सोडू नका. जोडीला जवळच्या प्रॉस्पेक्ट जलाशयावर जा. १८८८ साली पुरा झालेला हा मातीचा बांध दोन किलोमीटरहून लांब आहे. वरून बघायला जॉर्ज माँडर लुकआउट आहे. भोवतालची झाडी कंबरलंड मैदानाच्या मूळ जंगलाचा अवशेष आहे. एके काळी हे जंगल इथे सगळीकडे होतं. आज त्यातलं दहा टक्क्यांहूनही कमी उरलंय. तिथे काकाकुवांचा गोंगाट ऐकू येईलच, पण नजर खालीही ठेवा. पडलेल्या सालींखाली बोटाच्या पेराएवढी एक तपकिरी गोगलगाय राहते. कंबरलंड मैदान सोडून ती जगात कुठेच नाही. बागेतल्या गोगलगायीसारखी ती रोपं फस्त करत नाही, बुरशीवर जगते. दिसली तर साल होती तशी परत ठेवा.

दुसरी यूरोका. वेस्टमीडहून पाऊण तासावर ग्लेनब्रुकला, ब्लू माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात. गणपतीत भेटलेल्या गृहस्थांनी तर इथेच जावं, कारण ही खऱ्या ज्वालामुखीची नळी आहे. इथे शिलारस आणि पाणी यांची गाठ पडून स्फोट झाले, खडकाचा चुरा नळीत भरला आणि पुढे तो आजूबाजूच्या वालुकाश्मापेक्षा लवकर झिजला. म्हणून उंच कड्यांच्या मधोमध वाटीसारखं हिरवं मैदान तयार झालं. माती पुन्हा कसदार, म्हणून गवत लुसलुशीत. आणि गवत म्हणून संध्याकाळी करड्या कांगारूंचे कळप. मुलांना सांगा, कांगारू इथेच का, याचं उत्तर दगडात आहे. त्यांना खाऊ घालू नका. पावाने त्यांची तोंडं बिघडतात. तिथूनच जवळ रेड हँड्स केव्ह आहे. गुहेच्या भिंतीवर मूळ रहिवाशांच्या हातांचे ठसे. हात ठेवून त्याभोवती तोंडाने रंग फुंकलेला. लहान मुलांचे हातही आहेत. मोठा पाऊस झाला की ग्लेनब्रुकचा कॉजवे बंद होतो, निघण्याआधी चौकशी करा.

तिसरी वाट तरुणांसाठी: वारंबंगल. कूनाबराब्रनजवळ, मोटारीने सहा-सात तास. गॅमिलराय लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ वाकडेतिकडे डोंगर. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे एक विशाल ज्वालामुखी होता. बाहेरचा शंकू झिजून गेला आणि आतले नळ, बुचं आणि भिंती उभ्या राहिल्या. ब्रेडनाइफ नावाची भिंत नव्वद मीटर उंच आहे आणि तळाच्या मानाने इतकी पातळ, की खालून बघताना मान दुखते. तो डाइक आहे! माझ्या धुळ्याच्या भिंतींची चुलत बहीण. ग्रँड हाय टॉप्सची फेरी साडेचौदा किलोमीटरची, पाच-सहा तासांची, भरपूर पायऱ्यांची. वाटेत वॉलरू, वर घिरट्या घालणारा वेज-टेल्ड गरुड, सपाटीला एमू. जानेवारी २०१३ च्या वणव्यात उद्यानाचा बहुतेक भाग आणि पन्नासहून अधिक घरं जळाली. आज काळ्या खोडांना हिरवे झुपके फुटलेले दिसतात. मुक्काम करा, कारण २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून हे घोषित झालं. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला तिथे आकाशगंगेखाली उभं राहायचं माझ्या मनात आहे. तो गुडघा आता ब्रेडनाइफपर्यंत नेईलसं वाटत नाही, पण आकाश बघायला गुडघा लागत नाही.

किल्ला

परवा नातीने बाल्कनीत किल्ला करायला घेतला. माती हार्डवेअरच्या दुकानातली, पोत्यातली. दगड म्हणून तिने पार्किंगच्या कडेची निळसर खडी गोळा करून आणली. मी भिंग दिलं, म्हटलं, बघ, यात चमकतंय काही? हे असेच दगड आपल्या त्या टेकडीतून निघायचे. मग तिने विचारलं, "आजी, या किल्ल्याचं नाव काय ठेवू?" दर वर्षी आम्ही राजगड किंवा शिवनेरी ठेवतो. यंदा मी तिला टेकडीची गोष्ट सांगितली; पेमुलवुयची आणि १८०५ च्या बायकांची, तिच्या वयाला झेपेल इतकी. तिने थोडा विचार केला आणि बाजूला दुसरा, छोटा उंचवटा केला. त्याला तट नाही, बुरूज नाही. पुण्याहून आणलेले मावळे राजगडावर, आणि उंचवट्यावर तिने तीन मातीच्या बायका बसवल्या. नीट जमल्या नव्हत्या. एक सारखी कलंडत होती.

"यांची नावं काय?" तिने विचारलं. मी सांगितलं, त्या वेळी ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी विचारलंच नाही. ती म्हणाली, "मग तू विचारायचं ना!" तिला वाटलं, मी तेव्हा होते. तिचं अगदीच चुकलं असंही नाही.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता मी मारोंगच्या पायथ्याशी असेन. यायचं असेल तर या. टोपी, पाण्याची बाटली आणि उरलेला फराळ आणा. भिंग मी आणते. वर पोचल्यावर आधी दहा मिनिटं दगडांबद्दल बोलू. मग ज्यांची ही टेकडी आहे त्यांच्याबद्दल. या खेपेला मी गप्प बसणार नाही.